सुरंगीची हजेरी

पवित्राचं पत्र आलं तेव्हा मी गॅलरीत चष्मा पुसत बसलो होतो. पोस्टमन जिन्यातूनच ओरडला, "सबनीस आजोबा, फॉरिनचं पत्र!" शेजारच्या दारांतून माणसं डोकावली. मला इतकं लाजल्यासारखं झालं, की पाकीट घेऊन मी आधी आत गेलो आणि दार लावून घेतलं.

फॉरिन म्हणजे नेपाळ. धनगढीहून आलेलं पत्र. लिपी आपलीच, भाषा तिची. ती भाषा मी कधीकाळी पुस्तकावरून शिकलो होतो, त्यामुळे अडखळत का होईना, वाचता आलं. पवित्रा आता तिकडे प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या वर्गात नुकतीच एक मुलगी आली होती. तिचे आईबाप कोकणात आंब्याच्या बागा राखायचे, ती तिथेच वाढली, आता एकदम गावी नेऊन सोडलेली. तिला नेपाळी येत नाही आणि ती वर्गात तोंडच उघडत नाही. 'गुरुजी, तुमची भाषा मी पार विसरले. मी अशी होते तेव्हा तुम्ही काय केलं होतं?' हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अगदी शेवटी, सहीच्या वर, एका ओळीत होता.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लिहायला बसायचो. 'चिरंजीव पवित्रा' लिहावं की 'सौभाग्यवती', इथेच गाडी अडायची. मग वाटायचं, आपल्या मोडक्यातोडक्या नेपाळीला ती हसेल. खरं सांगायचं तर अडचण दुसऱ्या प्रश्नाची होती. त्याचं उत्तर मला माहीत होतं. पण ते कागदावर उतरवलं, की आपलं डोकं ठिकाणावर नाही असं कोणालाही वाटेल, मलासुद्धा. गणपती गेले, दिवाळी गेली. पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि शब्दकोश उघडायचंही मी टाळू लागलो.

पवित्रा माझ्या वर्गात आली तेव्हा मी देवगडच्या बाजूला, वाघोळीच्या सड्यावरच्या शाळेत होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. खाली उतारावर हापूसच्या बागा, वर आमची दोन खोल्यांची शाळा आणि जिकडेतिकडे चिऱ्याच्या खाणी. मी घाटावरचा. तिथली मालवणी मला पहिलं वर्षभर नीट कळत नसे. माणसांपेक्षा छापील पानांशी माझं बरं जमायचं. गावकऱ्यांनी ते ओळखलं होतं. 'गुरुजी गरीब,' असं ते म्हणत, आणि ती स्तुती नव्हती.

दिवाळीनंतर नेपाळी राखणदार बागांत उतरत. त्या वर्षी गगन धामी बायकोला आणि मुलीला घेऊन आला. मुलीला शाळेत आणून उभी केली आणि म्हणाला, "गुरुजी, ये पवित्रा. हुशार है. पण इधर का कुछ नहीं आता."

वर्गात खसखस पिकली. "गुरुजी, ह्या बोबडा हा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बोबडो तुझो बापूस!" पहिल्या रांगेतून सुरंगी मयेकर ताडकन उठली. "तेका आपली भाषा येना नाय, इतक्याच. तुका तरी धड खय येता?"

सुरंगी म्हणजे टेम्पोवाल्या लवू मयेकरांची एकुलती एक. समोरचे दात पडलेले, वेण्या कधीच सारख्या नाहीत, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. मी पवित्राला तिच्याशेजारी बसवलं. फार विचार करून नव्हे. त्या बाकावर जागा होती, एवढंच.

हजेरी घेताना सुरंगी आपल्या नावाला 'हजऽर' म्हणायची. शेवट असा उंच न्यायची, की विहिरीत वाकून हाक मारतेय असं वाटावं. पुढे पवित्राचं नाव आलं, की ती पवित्राचा गुडघा दाबायची आणि जरा बारीक आवाजात पुन्हा म्हणायची, "हजर."

"अगं, तिला म्हणू दे," मी एकदा म्हणालो.

"म्हणात, गुरुजी. तेचा तोंड अजून वाटेर आसा. ता येयपर्यंत मी म्हणतंय."

तिचं तोंड अजून वाटेवर आहे. शिक्षणशास्त्राची बरीच पुस्तकं माझ्या ट्रंकेत होती. पण असं वाक्य मला त्यांत कुठे भेटलं नव्हतं. मी चालू दिलं.

दोघी सावलीसारख्या एकमेकींना चिकटून असत. सुरंगी वस्तूंकडे बोट दाखवत सांगत सुटायची आणि पवित्रा नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहायची. कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकल्यासारखी. कधी कधी मला जाणवायचं, की सुरंगी बोलताना पवित्राचे ओठही हलतायत. आवाज मात्र नसायचा.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी सुरंगी चिऱ्याच्या जुन्या खाणीत बुडाली.

जांभा तासून काढला, की मागे चौकोनी खड्डा उरतो. भिंती सरळ कापलेल्या, धरायला काही नाही. त्यात पाणी साठतं आणि शेवाळं धरतं. दोघी तिकडे बरोबर गेल्या होत्या, एवढंच समजलं. माणसं पोचली तेव्हा पवित्रा काठावर बसलेली होती. तिला सगळ्यांनी विचारलं. गावकऱ्यांनी, पोलीस पाटलांनी, मी. तिने कोणालाच काही सांगितलं नाही. रडलीसुद्धा नाही.

पुढे ती शाळेत येत राहिली. त्याच बाकावर, शेजारची जागा मोकळी ठेवून बसायची. तिचं नाव पुकारलं, की आता कोणीच 'हजर' म्हणत नसे. मी तिच्याकडे बघून खूण करायचो. सुरंगीचं नाव हजेरीपटावरून कमी करायला माझा हात उठला नव्हता. ते नाव आलं, की मी नजर पुढच्या ओळीवर न्यायचो.

त्याच दिवसांत मी बनारसहून नेपाळीचं एक पुस्तक मागवलं. पोर आपल्या भाषेकडे येत नाही, तर आपण दोन पावलं तिच्याकडे जावं, असं वाटलं. खोलीवर दार लावून मी वाक्यं घोकायचो. पण शाळेत एक शब्द तोंडातून निघत नसे. मुलं हसतील, ती हसेल, उच्चार चुकेल. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, आणि एका लहान मुलीसमोर 'तिमीलाई कस्तो छ', तुला कसं वाटतंय, एवढं म्हणायची मला लाज वाटत होती.

फाल्गुन लागला होता. मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्या होत्या. कोकणातली भर दुपार ज्याने सड्यावर काढली नाही, त्याला तिची शांतता कळायची नाही. जांभा तापतो, वारा पडतो, कावळासुद्धा ओरडत नाही. अशा वेळी एकटं फिरू नये असं तिथली माणसं म्हणतात. मी या गोष्टी मानत नसे, पण फिरतही नसे.

मधल्या सुट्टीनंतर मी पुन्हा हजेरी घ्यायचो, कारण निम्मी पोरं सड्यावर पांगलेली असत. त्या दुपारी माझं डोकं नेपाळी क्रियापदांत होतं. नावं तोंडातून आपोआप जात होती, आणि मी वाचून गेलो, "सुरंगी लवू मयेकर."

चूक लक्षात येईतो उत्तर आलं.

"हजऽर."

तोच उंच शेवट. दातांच्या फटीतून निसटणारी तीच हवा. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती घरंगळत भिंतीपाशी जाऊन थांबली, तेवढा आवाज वर्गात झाला. पोरं माझ्याकडे बघत नव्हती. सगळी पवित्राकडे बघत होती. ती पाटीवर मान घालून बसली होती.

"कोण बोललं?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

 सगळ्यात लहान मुलांच्या रांगेतला एक पोरगा रडायला लागला, आणि पाठोपाठ सगळा वर्ग दप्तरं टाकून बाहेर पळाला.

बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरंगीची आई शेवंती शाळेच्या पायरीवर येऊन बसली. मुलगी गेल्यापासून ती कोणाशी बोलत नाही असं ऐकलं होतं. डोक्यावर पदर, पाय अनवाणी, पायरी तापलेली. मी आत यायला सांगितलं तर म्हणाली, "गुरुजी, एकदा तिका बोलूक लावा. मी लांबसून आयकान जातंय."

मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही. पवित्रा स्वतःच उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

शेवंतीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग अगदी घरातल्यासारखं विचारलं, "भूक लागली काय गो, बाय?"

"पेज व्हयी," पवित्रा म्हणाली. "सुकटीवांगडा."

सुकटीबरोबर पेज. शेवंतीने तोंडावर पदर दाबला. जरा वेळाने, मला ऐकूही येऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "थय थंडी वाजता काय गो तुका?"

पवित्राने मान हलवली. "पाणी थंड नाय."

अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते मी पुस्तकांत पुष्कळदा वाचलं होतं. तेव्हा कळलं, की तो आधी मानेवर येतो.

शेवंती रोज येऊ लागली. डब्यात पेज, कधी घावणे. पवित्रा तिच्यासमोर बसून खायची आणि सुरंगीच्या आवाजात बोलायची. 'आये, कोंबडी घातलंस काय आत?' 'आये, माझी वेणी वाकडी हा.' शेवंतीच्या चेहऱ्यावर रंग आला. ती बाकीच्यांशीही बोलायला लागली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोघींचंही बरं चाललंय. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की पवित्राला 'पवित्रा' म्हणून हाक मारली तर ती आता वळून बघत नाही.

एका संध्याकाळी गगन माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहिला. रात्रभर बागेतली वानरं हाकलणारा तगडा माणूस, पण टोपी हातात घेऊन चुरगळत होता.

"गुरुजी, बच्ची घर में भी वोही बोलती है. अपनी बोली नहीं बोलती. खाना माँगती, उसकी आमा नहीं समझती. रात को डरके उठती, कुछ बोलती, आमा नहीं समझती." तो थांबला. "आमा रोती है. बोलती है, ये मेरी नहीं, कोई दूसरे की लड़की है."

"मी काय करू?" मी विचारलं. ते मी त्याला विचारलं की स्वतःला, मला माहीत नाही.

"आप किताबवाले आदमी हैं," तो म्हणाला.

लवू मयेकर मात्र शाळेकडे फिरकले नव्हते. बायको तिकडे जाते म्हणून घरात भांडणं व्हायची. मी रस्त्यात भेटलो तर ते टेम्पो थांबवत नसत. पूर्वी 'काय गुरुजी, पुस्तकातली जनावरा बरी मा?' असं विचारल्याशिवाय पुढे जात नसत. एक दिवस मात्र थांबले.

"गुरुजी, त्या नेपाळ्याक सांगा, पाडव्याआदी बाग सोड आणि पोराक घेवन खय ती जा. माझ्या चेडवाचो आवाज ह्या गावात नको."

"लवू, लहान आहे ती. ती काही..."

"लहान?" त्यांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "ती माझ्याकडे बघता, गुरुजी. टेम्पो दिसलो काय उभी रवता आणि बघता. तुमका नाय कळाचा ता." आणि धुरळा उडवत निघून गेले.

गावाने ठरवलं, सोमवारी देवळात कौल लावायचा. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आदल्या दिवशी शेवंती मला सांगायला आली. "उजवो पडलो तर माझा चेडूच आसा ता. मगे मी तिका माझ्याकडे ठेवन घेतलंय. शाळेत घालीन, लगीन करून दीन."

"आणि डावा पडला तर?"

"मगे ते म्हणतत, बाहेरचा कायतरी आसा. काढून टाकूचा आणि ह्यांका गावाभायर घालवचा." तिने माझा हात धरला. "गुरुजी, तुम्ही येवा. तुमका दोन्ही भाषा येतत म्हणे."

पोस्टातल्या माणसाने पुस्तकाचं नाव वाचलं असणार.  त्या रात्री उजळणी करताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. उजवी पडो की डावी, दोन्हीकडे पवित्रा कुठेच नव्हती.

सोमवारी दुपारी देऊळ भरलेलं होतं. बाबी गुरवाने पाकळ्या लावल्या होत्या. पवित्राला पाषाणासमोर पाटावर बसवलं होतं. एका बाजूला गगन आणि त्याची बायको, भिंतीला टेकून, चोरासारखे. दुसऱ्या बाजूला शेवंती, मांडीवर नवा परकर घडी करून ठेवलेला. लवू खांबाआड उभे होते.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरू केलं, "ह्या लेकराच्या तोंडातसून जा कोण बोलता..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले.

"ता खरा काय खोटा..."

"व्हय म्हाराजा."

"थांबा," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला, की शेजारच्याखेरीज कोणालाच ऐकू गेला नाही. तो हसला. मी पुन्हा म्हणालो. बाबीने मान वर केली.

"गुरुजी, आता मदीच काय?"

"मला तिला एक विचारायचंय. एकच."  मी पुढे जाऊन तिच्यासमोर बसलो. जवळून ती फारच लहान दिसत होती. घोकलेली सगळी वाक्यं पळून गेली. एक राहिलं होतं, तेही सोपं म्हणून.

"पवित्रा कहाँ छ?"

पवित्रा कुठे आहे? कोणीतरी फिसकन हसलं. माझा उच्चार घाटी होता, गगनच्या बायकोलासुद्धा पहिल्यांदा कळला नसावा. पवित्राने मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, जसं ती सुरंगीच्या तोंडाकडे बघायची.

मी पुन्हा विचारलं. "पवित्रा कहाँ छ?"

तिचे ओठ हलले. मग एक आवाज आला. घोगरा, जड, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. मी तो पूर्वी कधीच ऐकला नव्हता. भिंतीपाशी तिची आई चटकन ताठ झाली.

"मैले बोलाएँ," पवित्रा म्हणाली. "कोही आएन."

"काय म्हणता?" शेवंतीने विचारलं. "गुरुजी, काय म्हणता ता?"

मी शेवंतीकडे वळलो. "ती म्हणतेय... मी हाक मारली. कोणी आलं नाही."

आणि मग ती थांबेना. बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. तिची बोली माझ्या पुस्तकातल्या भाषेहून वेगळी होती, निम्मे शब्द निसटत होते. जिथे अडलो तिथे गगनने मोडक्या हिंदीत सांगितलं. मी वाक्यामागून वाक्य मराठीत ठेवत गेलो. मान वर न करता, धडा वाचावा तसा.

"आम्ही खाणीवर गेलो. सुरंगीने पाण्यात पाय घातला. ती म्हणाली, पाणी थंड नाही, ये. मग ती घसरली. मी हात दिला. हात पोचला नाही. मी रस्त्यावर पळाले."

मी पुढचं वाक्य ऐकून घेतलं.

"रस्त्यावर गाडी होती. गाडीत माणूस होता. मी त्याची बाही धरली. मी सांगितलं, सुरंगी पाण्यात आहे. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तो हसला. त्याने मला मूठभर चुरमुरे दिले आणि गाडी..."

इथे मी थांबलो. गगनही थांबला होता. पवित्रा खांबाकडे बघत होती. सगळ्यांनी तिच्या नजरेमागून तिकडे बघितलं, आणि मला कळलं, की पुढचं वाक्य न सांगणं आता माझ्या हातात आहे. ते कोणाच्या घरात जाऊन पडणार, हे दिसत होतं. आयुष्यभर मी अशा वेळी गप्पच बसत आलो होतो.

"गाडी चालू केली," मी म्हणालो. "ती म्हणतेय, तो माणूस सुरंगीचा बाप होता."

शेवंतीच्या मांडीवरचा परकर खाली पडला.

लवू खांबाआडून पुढे आले. मला वाटलं, आता हे माझ्या अंगावर येणार. ते पवित्रासमोर येऊन मटकन खाली बसले.

"खरा आसा," ते म्हणाले. "माका म्हायत आसा. त्या सांजेपासून म्हायत आसा. तिना माझी बाही धरल्यान. माका वाटला, पोर खाऊक मागता. काय ती बडबडता, कोणाक कळता?" त्यांनी चेहरा हातांत लपवला. "माझ्या चेडवाचा नाव घेय होती, आणि माका ताय कळाक नाय."

बाबी गुरव हातातली घंटा खाली ठेवायलाही विसरला होता. पाकळ्या पाषाणावर तशाच होत्या, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं.

मी पवित्राला विचारलं, मोडक्यातोडक्या शब्दांत, मग सुरंगीच्या आवाजात का बोलतेस? तिने असं काही सांगितलं, की मी ते तेव्हा गावाला सांगितलं आणि अजून रोज स्वतःला सांगतो.

"माझ्या शब्दांनी हाक मारली, तर कोणी येत नाही. तिच्या शब्दांनी मारली, तर सगळे येतात. आणि मला बोलता येत नव्हतं तेव्हा ती माझं हजर म्हणायची. आता तिला बोलता येत नाही. म्हणून मी म्हणते."

 शेवंती उठली. नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. पवित्रासमोर बसली आणि तिच्या तोंडावर आलेले केस मागे सारले.

"बाय, तुमच्यात आवशीक काय म्हणतत?"

पवित्राने तिच्या तोंडाकडे बघितलं.

"सांग गो. काय म्हणतत?"

"आमा," पवित्रा आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"मगे तिका हाक मार. ती थय बसली हा."

पवित्रा भिंतीकडे वळली. तिने मारलेली हाक फार मोठी नव्हती. पण गगनची बायको लोकांच्या अंगावरून, पायांवरून, कशाचीही पर्वा न करता धावत आली.

कौल कोणी घेतला नाही. गगनची राखण मे महिन्यापर्यंत राहिली. मी मुलांना रोज एक नेपाळी शब्द शिकवू लागलो. माझे उच्चार पवित्रा दुरुस्त करायची, आणि पोरं मला खुशाल हसायची. पवित्रा हळूहळू मराठी बोलू लागली, अडखळत, आपल्या आवाजात. हजेरीत मात्र दोन नावांना उत्तर द्यायची. सुरंगीच्या नावाला वेगळा आवाज काढत नसे. नुसतं 'हजर' म्हणायची आणि मग स्वतःचं. लवू कधीकधी टेम्पो शाळेबाहेर थांबवून तेवढं ऐकायचे आणि जायचे. शेवंतीचं आणि त्यांचं पुढे कसं झालं, ते मी सांगू शकत नाही. एका घरात राहिले, एवढं खरं.

आंबा संपला आणि धामी कुटुंब गेलं. पुन्हा आलं नाही.

पवित्राच्या पत्रातला दुसरा प्रश्न असा होता: 'गुरुजी, माझ्यानंतर तिचं हजर कोण म्हणत होतं?'

काल मी शेवटी कागद घेतला. ना चिरंजीव, ना सौभाग्यवती, नुसतं 'पवित्रा' लिहिलं. पहिल्या प्रश्नाला लिहिलं, की त्या मुलीला वर्गातल्या सगळ्यात बडबड्या पोरीशेजारी बसव. घाई करू नकोस. तिचं हजर काही दिवस दुसऱ्या कोणीतरी म्हटलं तरी चालेल. तिच्या भाषेतले चार शब्द तू शीक आणि सगळ्यांसमोर चुका कर. आणि ती हाक मारेल तेव्हा ती कोणत्याही भाषेत असो, उठून जा.

मग दुसऱ्याकडे वळलो.  तिच्या भाषेत लिहिलं, चुका तशाच राहू दिल्या.

'तू गेल्यावर जूनमध्ये शाळा भरली. दुपारी पोरं पाणी प्यायला गेली, की मी रिकाम्या वर्गात तिचं नाव घ्यायचो आणि मीच हळू आवाजात हजर म्हणायचो. कोणाला कळू दिलं नाही. त्या वर्षी फाल्गुनातल्या एका दुपारी मी नाव घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आधी उत्तर आलं. शेवट उंच नेलेलं. दार लावलेलं होतं. मी भ्रमिष्ट झालो असेन, मला कशाचीच खात्री नाही. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिचं हजर मला कधी म्हणावं लागलं नाही. नुसतं नाव घेत राहिलो.'

आज सकाळी पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीने पत्ता वाचून विचारलं, "नेपाळला? फोनच करायचा ना आजोबा."

"फोनवर मला बोलता येत नाही," मी म्हणालो.

तिने तिकिटं लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.